डी अँझाहून हासला जाताना

बर्कलीच्या हास बिझनेस स्कूलला कम्युनिटी कॉलेजमधून, म्हणजे पदवीची पहिली दोन वर्षं शिकवणाऱ्या स्वस्त सरकारी कॉलेजातून, जायचं असेल तर आधी कॅलेंडर समोर घ्या. कॉलेज सप्टेंबरात सुरू होतं आणि युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचा, म्हणजे बर्कली जिचा एक कॅम्पस आहे त्या यूसीचा, अर्ज पुढच्याच वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरात जातो. त्या वेळी हातात जेमतेम एका वर्षाचे ग्रेड असतात. म्हणायला ही दोन वर्षं, पण निवड करणाऱ्यांसमोर जातं ते मुख्यतः पहिलं वर्ष. "आधी जरा रुळू दे, मग बघू" म्हणणाऱ्या हुशार मुलांची संधी इथेच हुकते. ते पाहून मला फार वाईट वाटतं, कारण त्यांच्यात काही कमी नसतं. त्यांना वेळेवर कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मी अकरावीच्या वयात सांगलीहून आई-बाबांबरोबर सनीव्हेलला आले, इथलं हायस्कूल संपवलं आणि क्युपर्टिनोच्या डी अँझा कॉलेजात नाव घातलं. आपल्या लोकांत त्या काळात, आणि खरं तर अजूनही, कम्युनिटी कॉलेज म्हटलं की आवाज जरा खाली येतो. गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद घेताना "मुलगी कुठे जाते?" असं कुणी विचारलं, की आई आधी "दोन वर्षांनी बर्कलीला जायचंय" हे सांगायची आणि मग कॉलेजचं नाव घ्यायची. आईला मी दोष देत नाही. आपल्याकडे चांगलं कॉलेज म्हणजे बारावीनंतर लगेच मिळालेलं कॉलेज, हेच आपण पाहिलेलं असतं.

पण कॅलिफोर्नियात हा रस्ता मुद्दाम बांधलेला आहे. १९६० साली राज्याने उच्च शिक्षणाचा जो मास्टर प्लॅन केला, त्यात यूसी, कॅल स्टेट (राज्याचीच दुसरी विद्यापीठं) आणि कम्युनिटी कॉलेजं अशी तीन अंगं ठरली आणि खालून वर ट्रान्सफर होण्याची सोय त्या रचनेतच धरली गेली. आज राज्यात ११६ कम्युनिटी कॉलेजं आहेत, आणि यूसीत ट्रान्सफर होऊन येणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त मुलं याच कॉलेजांतून येतात. राज्याचे रहिवासी असाल तर कम्युनिटी कॉलेजची फी सेमिस्टरच्या एका युनिटला (कोर्स मोजण्याच्या मापाला) ४६ डॉलर पडते. पहिली दोन वर्षं अशी काढली तर घरावरचा भार किती कमी होतो हे वेगळं सांगायला नको. ज्या आई-वडिलांना संकोच वाटतो त्यांनी हे आकडे शांतपणे पाहावेत.

आता विषयांकडे येते, कारण खरी मेख तिथेच आहे. हासला ट्रान्सफर होताना तुम्ही थेट तिसऱ्या वर्षात जाता, त्यामुळे पहिल्या दोन वर्षांचा पाया आधीच तयार लागतो: कॅल्क्युलस, स्टॅटिस्टिक्स, मायक्रो आणि मॅक्रो इकॉनॉमिक्स, बिझनेसची ओळख करून देणारा विषय, इंग्रजी वाचन-लेखनाचे दोन कोर्स. हे सगळं ज्या फॉलमध्ये (शरदाच्या सत्रात) बर्कलीला जाणार त्याच्या आधीच्या स्प्रिंगअखेर (वसंताच्या सत्राअखेर) पूर्ण झालेलं असावं लागतं. एकूण ६० सेमिस्टर युनिट्स, किंवा क्वार्टरच्या, म्हणजे सेमिस्टरहून छोट्या सत्रांच्या, हिशेबात ९०. कोणत्या कॉलेजचा कोणता कोर्स बर्कलीच्या कोणत्या कोर्सऐवजी चालतो, ते असिस्ट या सरकारी संकेतस्थळावर वर्षागणिक दिलेलं असतं. मैत्रिणीच्या मोठ्या भावाने काय घेतलं होतं ते विचारू नका. असिस्टवर आपलं कॉलेज, आपलं वर्ष, आपला मेजर (पदवीचा मुख्य विषय) टाका आणि तोच कागद प्रमाण माना. राज्यभर कोर्सचे क्रमांक एकसारखे करण्याचं काम चालू असल्यामुळे जुन्या नावांवर विसंबून तर अजिबात राहू नका.

मी काउन्सेलरकडे, म्हणजे कोर्स ठरवायला मदत करणाऱ्या कॉलेजच्या सल्लागाराकडे, तो कागद छापून नेला होता. पलीकडे बसलेल्या बाईंनी एक कोरा कागद ओढला, त्यावर उभ्या रेघा मारल्या आणि सगळ्यात उजवीकडच्या, शेवटच्या स्प्रिंगच्या चौकटीपासून भरायला सुरुवात केली. उलट. शेवटी काय संपलेलं हवं, त्याच्या आधी काय, त्याच्याही आधी काय. कॅल्क्युलसचे कोर्स एकापाठोपाठ एकच घेता येतात, म्हणून ते मागे मागे सरकत थेट पहिल्या फॉलला येऊन टेकले. प्लेसमेंटमध्ये, म्हणजे गणिताची पातळी ठरवताना, प्रीकॅल्क्युलस लागलं असतं तर तेही आधी घालावं लागलं असतं आणि सगळा तक्ता एक घर पुढे सरकला असता. तुम्हीही असाच तक्ता करा, आणि पहिल्या क्वार्टरची नोंदणी उघडायच्या आधी करा. गणिताचे वर्ग भराभर भरतात.

डी अँझा आणि शेजारचं फूटहिल ही कॉलेजं क्वार्टरवर चालतात, बर्कली सेमिस्टरवर. बर्कलीच्या एका सेमिस्टरच्या कोर्ससाठी आपल्याकडचे कधी दोन कोर्स मिळून मोजले जातात. त्यामुळे मालिकेतला एक कोर्स इथे आणि पुढचा उन्हाळ्यात दुसऱ्या कॉलेजात, असं केलं तर मध्येच काही सुटण्याचा धोका असतो. एक मालिका एकाच कॉलेजात पूर्ण करावी हे माझं स्पष्ट मत आहे, मग कितीही चांगला प्रोफेसर पलीकडे शिकवत असो. क्वार्टरचा दुसरा स्वभाव म्हणजे वेग. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पहिली मिडटर्म येते. ऑफिस अवर्सना पहिल्याच आठवड्यापासून जायला लागा. आपल्याकडे शिक्षकांच्या खोलीत जाणं म्हणजे काहीतरी बिघडलंय अशी समजूत असते, इथे तसं नाही. सी किंवा वरचा ग्रेड मिळालेला कोर्स पुन्हा करून यूसीच्या जीपीएत (ग्रेडच्या सरासरीत) सुधारणा होत नाही, त्यामुळे दुरुस्तीची संधी धरून चालू नका.

फक्त हासवर सगळं लावू नका, हेही ठामपणे सांगते. हासला ट्रान्सफरच्या जागा थोड्या आणि अर्ज करणारे जवळपास सगळेच उत्तम ग्रेडवाले. बर्कलीला दुसऱ्या मेजरमध्ये शिरायचं आणि आतून हासकडे सरकायचं, असा मार्ग ट्रान्सफर विद्यार्थ्यांना नाही. यूसीचे सहा कॅम्पस टॅग नावाची प्रवेशाची हमी देतात: डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ. बर्कली, यूसीएलए आणि सॅन डिएगो त्यात नाहीत. टॅगचा अर्ज एकाच कॅम्पसला करता येतो, तो सप्टेंबर महिन्यातच भरायचा असतो आणि प्रत्येक कॅम्पस काही मेजर वगळतो, ती यादी वाचून घ्या. यूसीएलएला जायचं असेल तर तिथे पदवीला बिझनेस इकॉनॉमिक्स आहे आणि त्याला अकाउंटिंगही लागतं, तेव्हा तक्त्यात ते आधीच बसवा. कॅल स्टेटमध्ये सॅन होजे स्टेट आहे, तिथून आपली कितीतरी मुलं दक्षिण बेच्या, म्हणजे सिलिकॉन व्हॅलीच्या, कंपन्यांत उत्तम नोकरीला लागलेली मी पाहिली आहेत. यूसी स्वतः दर वर्षी कोणत्या मेजरला किती ट्रान्सफर अर्ज आले, किती घेतले आणि त्यांचा जीपीए कुठून कुठपर्यंत होता हे प्रसिद्ध करते. ते पाहून यादी करा.

ग्रेड सगळ्यांचे चांगले असतात म्हटल्यावर वेगळेपण कशात दिसणार? इथे माझ्यासारख्या एच-४ व्हिसावरच्या (आई किंवा बाबा नोकरीच्या व्हिसावर असलेल्या) मुलांची खरी अडचण सुरू होते. एच-४वरच्या मुलांना पगारी काम करता येत नाही. बरोबरची मुलं बोबा टीच्या दुकानात शिफ्ट मॅनेजर होतात, उन्हाळ्यात इंटर्नशिप करतात, आणि आपल्या रेझ्युमेवर कामाचा रकाना रिकामा. मी व्हिटामध्ये गेले. कमी उत्पन्नाच्या लोकांचे टॅक्स रिटर्न मोफत भरून देण्याचा हा आयआरएसचा, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याचा, कार्यक्रम आहे. त्यात स्वयंसेवक होण्यासाठी आयआरएसची परीक्षा द्यावी लागते आणि तुम्ही भरलेलं प्रत्येक रिटर्न दुसरं कुणीतरी तपासतं. फेब्रुवारीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत शनिवार त्यात जातो.

एकदा एक बाई आल्या. शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायच्या आणि संध्याकाळी स्वतःच्या गाडीने जेवणाचे डबे पोहोचवायच्या. शाळेचा डब्ल्यू-२, म्हणजे पगाराचा वर्षाचा दाखला, व्यवस्थित होता. डिलिव्हरीचा १०९९, म्हणजे पगाराबाहेरच्या कमाईचा दाखला, त्यांनी पिशवीच्या तळातून काढला. तो महत्त्वाचा कागद आहे हेच त्यांना माहीत नव्हतं. त्या कमाईवर कुणीच टॅक्स कापून घेतलेला नसतो आणि स्वतःच्या धंद्याचा म्हणून १५.३ टक्क्यांचा वेगळा टॅक्स लागतो. स्क्रीनवरचा परताव्याचा आकडा त्यांच्या डोळ्यांदेखत खाली जाऊन देण्याचा झाला. गाडीच्या मैलांचा खर्च वजा करता येतो, पण त्यासाठी नोंद लागते. त्यांनी फोन काढला, ॲपमध्ये प्रत्येक फेरीची तारीख आणि अंतर होतं, आणि आम्ही दोघी ते महिन्यामागून महिना उतरवत बसलो. देणं बरंच कमी झालं. पुढच्या फॉलमध्ये मी आणि एका मैत्रिणीने इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये एक पानी नोंदतक्ता केला, गाडीच्या कप्प्यात ठेवता येईल असा, आणि तो डिलिव्हरी करणाऱ्यांना वाटला.

यूसीच्या अर्जात ट्रान्सफरवाल्यांनी चार प्रश्नांची उत्तरं लिहायची असतात, प्रत्येकी जास्तीत जास्त ३५० शब्द. एक सक्तीचा असतो: मेजरसाठी तुम्ही काय तयारी केली. बाकी तीन सातांतून निवडायचे. शिफारसपत्रं यूसीच्या अर्जाला लागत नाहीत, म्हणजे तुमच्याबद्दल बोलणारे तुम्हीच. मी त्या तक्त्याबद्दल लिहिलं: १०९९ म्हणजे काय, लोक नोंद का ठेवत नाहीत, आमचा पहिला नमुना कुणी का वापरला नाही आणि दुसऱ्यात रकाने कमी केल्यावर काय झालं. हासची चार तत्त्वं प्रसिद्ध आहेत, 'स्टुडंट्स ऑलवेज', 'बियाँड युवरसेल्फ' वगैरे. ती वाक्यं निबंधात पेरणारी मुलं खूप असतात. माझं सांगणं आहे की तत्त्वाचं नावही घेऊ नका. काम सविस्तर सांगा, वाचणाऱ्याला ते आपोआप दिसतं. मराठी मंडळाच्या शाळेत लहान मुलांना शिकवणं, गणेशोत्सवाच्या जमाखर्चाची जबाबदारी, काकांच्या किराणा दुकानातला मालाचा हिशेब समजून घेणं, हे सगळं याच तोलाचं आहे, फक्त त्यात तुम्ही नेमकं काय बदललं ते सांगता आलं पाहिजे.

एच-४वाल्यांनी आणखी दोन गोष्टी आधीच पाहून ठेवाव्यात. फेडरल, म्हणजे केंद्र सरकारची, आर्थिक मदत आपल्याला मिळत नाही. आणि २१व्या वाढदिवसाला एच-४ संपतो, जो बहुतेकांच्या बाबतीत बर्कलीला असतानाच येतो. एफ-१, म्हणजे विद्यार्थ्यांचा व्हिसा, करून घ्यायचा तर त्याला महिने लागतात, आणि इंटर्नशिपसाठीही तो लागतो. वाढदिवसाच्या बरंच आधी वकील आणि कॉलेजचं आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांचं ऑफिस, दोघांशी बोला. राज्याच्या रहिवाशांच्या फीचं काय होईल हे रेसिडेन्सी ऑफिसकडून लेखी विचारून घ्या. घरात हा विषय टाळला जातो, कारण ग्रीन कार्डच्या रांगेचं दुःख त्यात येतं. पण मुलांनी तो स्वतःहून काढावा.

अर्ज गेल्यावर काम संपत नाही. जानेवारीत फॉलचे ग्रेड यूसीला कळवायचे असतात, आणि हासचा वेगळा पुरवणी अर्जही त्याच सुमाराला असतो. त्याची ईमेल स्पॅममध्ये जात नाही ना, हे बघत राहा. बर्कलीचा निकाल एप्रिलअखेर लागतो, उत्तर १ जूनपर्यंत द्यायचं. स्प्रिंगचे ग्रेड घसरले तर दिलेला प्रवेश काढून घेतला जाऊ शकतो. अंतिम ट्रान्सक्रिप्ट (गुणपत्रिका) १ जुलैपर्यंत पोहोचावी लागते आणि क्वार्टरची कॉलेजं जूनच्या शेवटाकडे संपतात, म्हणून ती मागवताना 'ग्रेड लागल्यावरच पाठवा' हा पर्याय निवडा.

मे-जूनमध्ये आनंदात असताना एक काम मात्र करा: रेझ्युमे तयार ठेवा. बर्कलीत ऑगस्टच्या शेवटी वर्ग सुरू होतात आणि पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच कन्सल्टिंग, फायनान्स, मार्केटिंगचे क्लब मुलाखती घेऊन सदस्य निवडतात. दोन वर्षं तिथे असलेल्या मुलांना हे माहीत असतं. ट्रान्सफर होऊन आलेली मुलं त्या वेळी अजून खोली शोधत असतात. मोठ्या बँकांची पुढच्या उन्हाळ्याची इंटर्नशिप तर कित्येकदा वर्षभर आधीच भरलेली असते, म्हणून बँकिंगचा विचार असेल तर डी अँझात दुसऱ्या वर्षाला असतानाच त्यांच्या तारखा पाहायला लागा. हासमध्ये आधी ट्रान्सफर होऊन गेलेल्यांना उन्हाळ्यातच लिहा. त्यांतले बहुतेक जण उत्तर देतात.