सफाईचे कंत्राट देण्यापूर्वी वेठबिगारीची शक्यता तपासून पाहा

सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारण्यापूर्वी त्या दरात किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी, राज्य कामगार विमा आणि साप्ताहिक सुट्टीच्या दिवशीच्या बदली कामगाराचा खर्च बसतो का, हा हिशेब स्वतः मांडावा. बसत नसेल, तर ती तूट कामगाराच्या पगारातूनच भरून काढली जाणार, हे उघड आहे. किमान वेतनाहून कमी मोबदल्यात काम करून घेणे ही संविधानाच्या कलम २३ नुसार सक्तीची मजुरीच होय, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे.

वेतन बँकेत जमा होते, एवढ्यावर समाधान मानू नये. एटीएम कार्ड सुपरवायझरकडे तर नाही ना, अनेकांच्या खात्यांना एकच मोबाइल क्रमांक जोडलेला आहे का, मूळ आधार कार्ड काढून घेतले आहे का, आणि गावाहून येताना घेतलेली उचल फिटेपर्यंत काम सोडण्यास मनाई आहे का, हे मुकादम जवळ नसताना, कामगाराच्याच भाषेत आणि आपुलकीने विचारावे. उचलीपोटी माणसाला असे अडकवून ठेवणे १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याखाली गुन्हा असून त्याची तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते.

हातमोज्यांसारख्या सफाई साहित्याच्या खरेदीतही हीच दक्षता हवी. मलेशियातील एका मोठ्या उत्पादकाच्या रबरी हातमोज्यांची आयात अमेरिकेने २०२१ मध्ये सक्तीच्या श्रमाच्या कारणावरून रोखली होती. म्हणून कारखान्यातील स्थलांतरित कामगारांच्या भरतीचे शुल्क कोणी भरले (कामगाराने ते कर्ज काढून भरले असेल, तर तोही उचलीसारखाच अडकतो), याचे लेखी उत्तर पुरवठादाराकडून घ्यावे.