लो कार्बवर असताना रक्त तपासताय? या चुका टाळा

लो कार्ब म्हणून पोळी-भात-साखर बंद केली, पॅन्ट सैल झाली, दीड महिन्यात हौसेने लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) केलं आणि एलडीएल, म्हणजे वाईट म्हणतात ते कोलेस्टेरॉल, १२० वरून थेट १८५. घरात लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते सांगत होते ना ते तूप आवरा, दुसरी म्हणते कोलेस्टेरॉल वगैरे काही नसतं, सगळा औषध कंपन्यांचा खेळ. रक्त कधी दिलं, आदल्या रात्री काय खाल्लं होतं, हे मात्र कोणी विचारत नाही. मी लॅबमध्ये सॅम्पल घेणारा माणूस, डॉक्टर नाही, त्यामुळे औषधाचं मी काही सांगणार नाही, पण तयारी चुकली की आकडे कसे फिरतात ते रोज बघतो म्हणून लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे डाएट सुरू करायच्या आधीचा रिपोर्टच नसतो. मग १८५ हे तुपामुळे झालं, घराण्यातून आलं की थायरॉइड मंदावल्यामुळे (हो, त्यानेही एलडीएल वाढतं), कसं कळणार? आधी एकदा लिपिड, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज), क्रिएटिनिन (किडनीसाठी), टीएसएच (थायरॉइडसाठी) करून ठेवा आणि तो कागद जपा.

दुसरी चूक, वजन धडाधड उतरत असतानाच तपासणं. चरबीच्या पेशींमध्ये कोलेस्टेरॉलही साठलेलं असतं, चरबी वितळायला लागली की ते रक्तात येतं आणि रिपोर्ट काही काळ वर दिसू शकतो. वजन महिना-दीड महिना एका जागी थांबलं की मग करा. ताप, डेंगी, ऑपरेशन झालं असेल तरी काही आठवडे जाऊ द्या, आजारपणात एलडीएल उलट खाली येतं आणि माणूस उगाच खूश होतो.

"काही खाल्लं नाही, फक्त कॉफी घेतली"

हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी ऐकतोच. कॉफी म्हणजे त्यात चमचाभर बटर आणि वर खोबरेल तेल! असं सॅम्पल मशीनमध्ये फिरवलं की वर जे सिरम येतं ते एरवी पिवळसर पारदर्शक असतं, यांचं दुधाळ दिसू शकतं. ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) वाढलेले येणार हे उघड आहे, पण खरी गंमत पुढे आहे. बऱ्याच लॅबमध्ये एलडीएल मोजतच नाहीत, गणिताने काढतात: टोटल कोलेस्टेरॉलमधून एचडीएल (चांगलं म्हणतात ते) वजा, ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा. म्हणजे कॉफीने ट्रायग्लिसराइड १०० ने फुगले तर एलडीएल कागदावर २० ने कमी दिसणार. १९७२ पासूनचं हे सूत्र, आणि ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेले की ते चालतच नाही. त्यामुळे लॅबला सरळ विचारा, एलडीएल डायरेक्ट आहे की कॅल्क्युलेटेड.

१०-१२ तास उपाशी, पाणी प्यायचं, बस. आजकाल साध्या तपासणीला उपाशी नसलं तरी चालतं म्हणतात आणि ते बरोबरही आहे, पण मागच्या रिपोर्टशी तुलना करायची तर दोन्ही वेळी सारखीच तयारी हवी. उलट टोकाचे पण असतात, फास्टिंगवाले, काल दुपारी जेवलो म्हणत दुसऱ्या दिवशी बाराला येतात, तेही नको. आणि व्हिस्कीत कार्ब नाही हे खरं असलं तरी आदल्या रात्रीची व्हिस्की ट्रायग्लिसराइडमध्ये दिसते, त्यामुळे दोन दिवस तरी दम धरा.

आता रिपोर्ट वाचताना होणारी चूक. ट्रायग्लिसराइड ७०, एचडीएल ६०, दोन्हींचा रेशो मस्त, मग एलडीएल २१० असलं तरी सोडून द्या, असं लो कार्बच्या ग्रुपवर सर्रास सांगतात. असं सोडून देऊ नका. लो कार्बवर ट्रायग्लिसराइड उतरणं आणि एचडीएल चढणं हे बहुतेकांचं होतंच आणि ते चांगलंच आहे, पण त्याने एलडीएल माफ होत नाही. मुळात सडपातळ, व्यायाम करणारा माणूस कडक किटोवर (कार्ब जवळजवळ बंद) गेला तर त्याचं एलडीएल २०० च्याही वर उडी मारू शकतं, या मंडळींवर अजून अभ्यास चालू आहेत, आणि अभ्यास चालू आहे याचा अर्थ सुरक्षित ठरलंय असा होत नाही. १९० च्या वर आकडा आला तर आधी तयारी नीट करून पुन्हा तपासा, आणि तसाच आला तर डॉक्टर गाठा. सोबत अपोबी (एलडीएलसारख्या कणांची संख्या सांगणारी टेस्ट) विचारा, आणि आयुष्यात एकदा लिपोप्रोटीन ए, एलडीएलसारखाच एक कण, जे घराण्यातून येतं आणि डाएटने फारसं हलत नाही. घरात कोणाला पन्नाशीच्या आत हार्ट अटॅक आला असेल तर हे नक्कीच.

डाएटमध्ये काय बदलायचं? तूप, लोणी, चीज, खोबरेल यांचा हात आखडा, त्या जागी शेंगदाणा तेल, तीळ, बदाम, अळशी, बांगडा-तारली, भरपूर पालेभाजी, इसबगोल. सडपातळ लोकांना थोडी भाकरी परत सुरू केल्यावरही फरक पडलेला दिसतो. सहा ते आठ आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये परत.

एचबीएवनसी एकटं वाचू नका

हा आकडा तांबड्या पेशींवर चिकटलेल्या साखरेचा, आणि पेशीचं आयुष्य साधारण १२० दिवस. लोह कमी असेल तर तो खोटा वर येऊ शकतो. हिमोग्लोबिन साडेनऊ आणि एचबीएवनसी ६.३ असलेल्या बाईंनी भात सोडून उपयोग काय, आधी लोहाची कमतरता बघा ना. थॅलेसेमिया मायनर किंवा सिकलसेल असे घराण्यातून येणारे हिमोग्लोबिनचे दोष असतील (सिकलसेल गडचिरोली, नंदुरबार, मेळघाटकडच्यांनी लक्षात ठेवा) तर आकड्यावर विसंबूच नका, डॉक्टरांना दुसरी टेस्ट विचारा. मेटफॉर्मिन चालू असलेल्यांनी, त्यातही शाकाहारी असाल तर, बी१२ बघा. लोह आणि बी१२ दोन्ही कमी असलं की सीबीसीमधला एमसीव्ही (तांबड्या पेशींचा सरासरी आकार) नॉर्मल दिसू शकतो आणि सगळे फसतात, तिथे आरडीडब्ल्यू (पेशींच्या आकारातली तफावत) वाढलाय का ते बघायचं.

साखरेचं अजून एक. कडक लो कार्बवर सकाळची उपाशी साखर १००-११० येऊ शकते, लगेच घाबरू नका, पण डॉक्टरांना दाखवा. ग्लुकोज पाजून करतात ती जीटीटी मात्र तशीच देऊ नका, आधीचे तीन दिवस रोज किमान १५० ग्रॅम कार्ब खाल्लेले लागतात, नाहीतर धडधाकट माणूसही डायबेटिक दिसू शकतो. गरोदर असाल तर लो कार्बवर आहात हे आधीच सांगा.

बाकी किरकोळ: आदल्या रात्री मटणावर ताव मारला तर क्रिएटिनिन थोडं वर, जिममधलं क्रिएटिन घेत असाल तरी वर. युरिक ॲसिड पहिल्या काही आठवड्यांत वाढतं, गाऊटवाल्यांनी (युरिक ॲसिडने सांधे सुजतात त्यांनी) जपून. वजन झपाट्याने उतरलं की केस गळतात, मग बायोटिनच्या गोळ्या सुरू होतात आणि त्या बायोटिनमुळे थायरॉइडचा रिपोर्टच चुकीचा येऊ शकतो, टीएसएच खोटा कमी. दोन-तीन दिवस आधी बंद करा आणि लॅबला सांगा.

एक गोष्ट मात्र रिपोर्टची वाट न बघता करायची. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातली शुगरची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय किटो करूच नका. यात साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्त आम्लधर्मी होऊ शकतं. उलट्या, पोटदुखी, धाप, असं काही झालं तर ग्लुकोमीटरवर १६० बघून निवांत बसू नका, सरळ कॅज्युअल्टीत जा, गोळीची स्ट्रिप सोबत न्या. ग्लिमेपिराइड (हीही शुगरचीच गोळी) किंवा इन्सुलिनवाल्यांचं उलटं, कार्ब कमी झाले की साखर एकदम खाली जाते, डोस आधी बदलून घ्यावा लागतो. आणि कोलेस्टेरॉलची गोळी "खरा आकडा कळावा" म्हणून टेस्टच्या आधी आपल्या मनाने बंद करून येतात काही जण, ते करू नका, घेताय तशी घ्या आणि फॉर्मवर लिहा.