ब्रॅकेट वारंवार सुटतंय? बाँडिंगमधल्या या चुका टाळा

दात सरळ करणारी तार धरायला दातावर चिकटवलेलं ब्रॅकेट सुटलं की आपला, म्हणजे दंतवैद्यांचा, हात थेट बाँडिंगच्या (चिकटवण्याच्या) सामानाकडे जातो. आधी दात आणि ब्रॅकेटची मागची बाजू नीट पाहा. सगळं कंपोझिट (चिकटवणारं रेझिन) ब्रॅकेटला चिकटून आलंय आणि इनॅमल (दाताचं बाहेरचं कठीण आवरण) स्वच्छ आहे? मग चूक एचिंगमध्ये (ॲसिडने इनॅमल खरबरीत करण्यात) किंवा दात कोरडा ठेवण्यात झाली. कंपोझिट दातावर आणि ब्रॅकेटमागची जाळी रिकामी असेल, तर जाळीला हाताचा मळ लागला, ब्रॅकेट पुरेसं दाबलं गेलं नाही किंवा कंपोझिट घट्ट करणारा लाइट नीट पोहोचला नाही. ही तपासणी न करता चिकटवलेलं ब्रॅकेट बहुतेकदा त्याच कारणाने पुन्हा हातात येतं.

माझ्या मते सगळ्यात जास्त घात लाळ करते. 37 टक्के फॉस्फोरिक ॲसिडने 15 ते 30 सेकंदांत इनॅमलवर सूक्ष्म छिद्रं तयार होतात आणि त्यांत शिरलेलं रेझिन पकड देतं. एच केलेल्या दाताला लाळ लागली की तिच्यातली प्रथिनं हीच छिद्रं बुजवतात. नुसती हवा मारून तो थर निघत नाही. दात धुवा, वाळवा आणि थोडा वेळ पुन्हा एच करा. खडूसारखा पांढरा, निस्तेज पृष्ठभाग दिसल्याशिवाय प्रायमर (कंपोझिटआधी लावायचं पातळ द्रव) लावू नका. (सेल्फ-एचिंग, म्हणजे एचिंगही स्वतःच करणारं, प्रायमर वापरत असाल तर ही खूण दिसणार नाही.) हवेच्या सिरिंजमधून पाणी किंवा तेल येतंय का, हे आरशावर फवारून पाहा. या साध्या गोष्टीकडे फार दुर्लक्ष होतं.

ॲसिड जास्त वेळ ठेवलं की पकड वाढते, हा गैरसमज आहे. त्याने इनॅमल मात्र विनाकारण झिजतं. उपचारासाठी 6 ते 8 मेगापास्कल पकड साधारण पुरेशी मानतात, कारण शेवटी ब्रॅकेट इनॅमलला इजा न होता काढायचं असतं.

लाइट सुरू झाल्यावर ब्रॅकेट सरकवू नका. जागा चुकली असेल तर काढून नव्याने बसवा. ब्लीचिंग झालेल्या दातावर किमान दोन आठवडे थांबा. उरलेला ऑक्सिजन रेझिनला पूर्ण घट्ट होऊ देत नाही. फ्लोरोसिसचं (जास्त फ्लोराइडने बिघडलेलं) इनॅमल ॲसिडला दाद देत नाही, तिथे वेगळी तयारी लागते.

हे सगळं बरोबर असूनही खालच्या दातांवरचं तेच ब्रॅकेट निघत असेल, तर रुग्णाला दात मिटायला सांगा. डीप बाइटमध्ये, म्हणजे वरचे पुढचे दात खालच्यांना जास्त झाकत असतील तर, वरचे दात थेट त्यावर आदळतात. आधी बाइट उघडा (दात मिटल्यावर ब्रॅकेटवर आदळणार नाहीत इतकं अंतर करा), मग चिकटवा.