'नाईट ऑफ द लिव्हिंग डेड' दाखवायचा असेल तर

सगळ्यात आधी प्रिंट तपासा. १९६८ साली ऐनवेळी चित्रपटाचं नाव बदललं, नव्या पाटीवर कॉपीराइटची ओळ टाकायची राहिली, आणि दिग्दर्शक जॉर्ज रोमेरोचा हा झॉम्बी भयपट अमेरिकेत कॉपीराइटविना सगळ्यांसाठी खुला झाला. तो घराघरात पोचला त्यामुळेच, आणि त्याच्या गचाळ कॉप्यांचा सुळसुळाटही त्यामुळेच. मूळ निगेटिव्हवरून केलेली फोर-के (खूप स्पष्ट चित्राची) आवृत्ती घ्या, लांबी साधारण ९६ मिनिटं. रंगवलेली नको. १९९९ ची, नवे प्रसंग घुसडलेली तर अजिबातच नको.

चौकट जवळपास ४:३ आहे. टीव्ही 'फुल'वर असेल तर चेहरे फुगतात, 'झूम'वर डोकी कापली जातात. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसल्या की समजा, जमलं. ब्राइटनेस वाढवू नका, काळा रंग राखाडी होतो. त्यापेक्षा पडदे ओढा.

लाखभर डॉलरच्या आसपासच्या बजेटमधली युक्ती बघायची तर जळालेल्या ट्रकनंतरचा प्रसंग नीट पाहा: रक्त म्हणजे चॉकलेट सिरप, मांस म्हणजे भाजलेलं हॅम. कृष्णधवलमध्ये ते बेमालूम खपतं.

शेवट मात्र आधी सांगू नका. नायक ड्वेन जोन्स कृष्णवर्णीय, आणि वर्ष मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येचं. एवढी पार्श्वभूमी पुरे. श्रेयनामावली सुरू झाली की लगेच दिवे लावू नका आणि ऑटोप्ले आधीच बंद ठेवा, कारण खरखरीत स्थिरचित्रांचा सगळ्यात बोचरा भाग तिथेच आहे.