फिटचा आजार आणि घरातला विस्तव : भाजू नये म्हणून आणि भाजल्यावर काय करावे

अपस्मारात, म्हणजे आपण ज्याला फिट किंवा मिरगी म्हणतो त्या आजारात, माणूस पडतो आणि त्याला मार लागतो, हे सर्वांना ठाऊक असते. त्याच आजारात माणूस भाजतोही, आणि बहुधा घरातच, रोजचे काम करताना भाजतो, हे मात्र फारसे बोलले जात नाही. माझ्या धाकट्या बहिणीच्या डाव्या तळहातावर गुळगुळीत, चकाकणारा एक डाग आहे. नागपुरातल्या आमच्या घरी ती ज्वारीच्या भाकरी करत होती. तिची नजर एका जागी थिजली, ओठ काही चघळत असल्यासारखे हलू लागले आणि भाकरीवर पाणी फिरवावे तसा तिने हात रिकाम्या, तापलेल्या तव्यावर ठेवला. ती पडली नाही, ओरडली नाही, तिने हात मागेही घेतला नाही. शेजारच्या खोलीत आईला वास आला तेव्हा भाकरच करपली असे तिला वाटले.

सांगायचे ते हेच, की हातपाय झाडत कोसळणे म्हणजेच फिट नव्हे. काही फिटमध्ये माणूस उभा असतो, हात चालू असतात, पण भान नसते. चटका बसला तरी हात आपोआप मागे येत नाही. मोठी फिट ओसरल्यावरही काही वेळ तो गोंधळलेला असतो आणि त्या अवस्थेत गरम भांडे उचलू शकतो. म्हणून ‘सावध राहा’ असे रुग्णाला सांगून काही उपयोग नाही. फिट आलीच तर त्या क्षणी विस्तव, उकळते पाणी आणि तापलेले लोखंड हाताच्या अंतरावर नसावे, अशी घराची मांडणी करावी लागते.

सुरुवात स्वयंपाकघरापासून करावी. जमिनीवरची चूल, स्टोव्ह किंवा शेगडी सर्वांत धोक्याची, कारण समोर बसलेला माणूस पुढे कोसळला तर थेट विस्तवातच पडतो. शक्य असेल तर अशा घरात ओटा करून घेणे हा पहिला खर्च समजावा. मागचा बर्नर वापरा, असा सल्ला परदेशी लिखाणात असतो, परंतु आपल्या शेगडीचे दोन्ही बर्नर शेजारी-शेजारी असल्यामुळे तो इथे लागू पडत नाही. त्याऐवजी गॅसची नळी दबणार नाही अशा बेताने शेगडीच भिंतीकडे सरकवावी आणि भांड्यांचे दांडे भिंतीच्या बाजूला वळवावेत. गोल बुडाची, डुलणारी कढई काढून सपाट बुडाची घ्यावी. इंडक्शनवर ज्योत नसते हा मोठा फायदा आहे. मात्र भांडे उचलल्यावरही त्याची काच बराच वेळ गरम राहते, हे विसरू नये. वरणाचा गंज उचलून पंगतीत नेण्याऐवजी ताटेच ओट्याजवळ आणून वाढावे, आणि भात वेळण्यापेक्षा कुकरला लावावा.

सर्वांत उपयोगी बदल मात्र वस्तूंचा नाही, कामाच्या वाटणीचा आहे. आमच्याकडे बहीण कणीक मळते, पोळ्या लाटते, भाज्या निवडते. भाजणे आणि तळणे दुसरे कोणीतरी करते. तिला स्वयंपाकघरातून बाहेर काढणे आम्हाला मान्य नव्हते, तिला तर नव्हतेच. कोणी सोबत नसेल त्या दिवशी तिने सकाळचे गार जेवावे, पण एकटीने शेगडी पेटवू नये, एवढा एकच नियम आम्ही कडक ठेवला. शेगडीजवळ काम असेल तर सुती कपडे घालावेत आणि पदर किंवा ओढणी खोचावी, कारण नायलॉन वितळून कातडीला चिकटते.

ही वाटणी करायची तर घरात आजार माहीत असावा लागतो, आणि नेमके तेच लग्नानंतर घडत नाही. सासरी सांगितलेले नसते, म्हणून गोळ्या लपवून घ्याव्या लागतात, त्या चुकतात, आणि मग सून एकटी शेगडीसमोर उभी असताना फिट येते. हिंदू विवाह कायद्यात वारंवार येणाऱ्या अपस्माराच्या झटक्यांचा उल्लेख लग्नाच्या अटींत होता. १९९९ च्या दुरुस्तीने तो काढून टाकला. कायद्याने काढलेला अडसर आपण घराघरात जपून ठेवतो, याचे मला फार वाईट वाटते. निदान घरातल्या एका माणसाला, नवऱ्याला किंवा जावेला, सर्व सांगून ठेवावे. गोळी चुकणे, झोप न होणे आणि उपाशी राहणे यांनी अनेकांना फिट येते. म्हणून हरतालिकेचे जागरण किंवा कडक उपवास झाला असेल तर दुसऱ्या दिवशी विस्तवाचे काम दुसऱ्याने करावे.

न्हाणीघराला आतून कडी लावू नये. दार नुसते लोटून बाहेर कोणाला तरी सांगावे. ६० अंश सेल्सिअसचे पाणी साधारण ५ सेकंदांत खोलवर भाजते, म्हणून गिझर ५० अंशांच्या वर ठेवू नये. बादलीत आधी गार पाणी घ्यावे, मग गरम ओतावे. उकळत्या पाण्याची बादली किंवा पाणी तापवायचा रॉड शेजारी ठेवून अंघोळीला बसू नये. काही जणांना डोक्यावर गरम पाणी घेतल्यानेच फिट येते. तसे दिसले तर डॉक्टरांना अवश्य सांगावे.

इस्त्री आणि हिवाळ्यातली शेकोटी यांनाही हाच नियम लावावा : सोबत कोणी असेल तरच.

आपल्या नागपुरात उन्हाचा वेगळा विचार करावा लागतो. पारा ४५ अंशांवर गेलेला असताना गच्चीवर कुरडया घालताना किंवा डांबरी रस्त्यावर फिट आली, तर नुसत्या जमिनीनेही पाठ आणि पोटऱ्या भाजतात. अशा वेळी फिट थांबण्याची वाट न पाहता त्या माणसाला आधी सावलीत ओढावे.

तरीही कोणी भाजलेच, तर प्रथम गॅस बंद करून त्याला विस्तवापासून दूर ओढावे. कपडे पेटले असतील तर जाड सुती चादरीत गुंडाळून आडवे करावे. मग कुशीवर वळवावे; तोंडात चमचा, पाणी, काहीही घालू नये, कांदा किंवा चप्पल हुंगवू नये, आणि घड्याळ बघावे. फिट ५ मिनिटांहून जास्त चालली तर १०८ ला फोन करावा. या गडबडीतही भाजलेल्या भागावर, नाकातोंडात जाणार नाही असे, गार पाणी सोडणे सुरू करावे आणि २० मिनिटे थांबू नये. मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचे पाणी नळाला कढतच येते. ते भाजलेल्या जागी मुळीच वापरू नये. त्यासाठी पहाटे एक मोठी बादली भरून सावलीत झाकून ठेवावी, नाहीतर माठातले पाणी तांब्याने ओतत राहावे. बर्फ, हळद, टूथपेस्ट, शाई यांपैकी काहीही लावू नये, फोड फोडू नयेत, चिकटलेले कापड ओढू नये. सूज चढण्याआधी बांगड्या, अंगठ्या, जोडवी काढावीत आणि नंतर स्वच्छ सुती कापडाने सैल झाकावे.

शुद्धीवर आलेला माणूस ‘दुखत नाही’ म्हणाला तरी पाठ, काखा, पाय सर्व तपासावे, कारण खोलवर भाजलेली जागा दुखतेच असे नाही. हात, चेहरा, पाऊल किंवा सांधा भाजला असेल, जखम रुग्णाच्या तळहाताएवढी किंवा मोठी असेल, कातडी पांढरी अथवा काळी पडली असेल, तर नागपुरातल्या मेडिकल, मेयो या सरकारी रुग्णालयांत किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात त्याच दिवशी न्यावे. धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारावे. निघताना फिटच्या गोळ्यांची पट्टी बरोबर घ्यावी आणि ड्रेसिंग करणाऱ्या डॉक्टरांना ती दाखवावी, कारण भाजल्याच्या उपचारांच्या धांदलीत त्या गोळ्यांची एखादी मात्रा हमखास राहून जाते, आणि ट्रॅमाडॉलसारख्या काही वेदनाशामकांनी फिट येण्याचा धोका वाढतो. आम्ही आता एका चिठ्ठीवर गोळ्यांची नावे, मात्रा आणि वेळा लिहून ती फ्रीजच्या दारावर चिकटवली आहे. तिची दुसरी प्रत बहिणीच्या पर्समध्ये असते.