व्हायरल मेसेज तपासताना या चुका टाळा

परवा घरच्या ग्रुपवर मावशीनं परत तोच मेसेज टाकला. एकटे असताना हार्ट अटॅक आला तर जोरजोरात खोकत राहा, जीव वाचेल, आणि खाली दहा जणांना पाठवा. हा मेसेज १९९९ पासून फिरतोय, तेव्हा ईमेलवर होता आता व्हॉट्सअॅपवर आहे, आणि अमेरिकन हार्ट असोसिएशननं केव्हाच सांगितलंय की असं खोकत राहण्याचा सल्ला आम्ही देत नाही. मावशी म्हणाली, "अरे, खरं असेल तर कुणाचं तरी भलं होईल, खोटं असेल तर काय बिघडतं?"

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच. बिघडतं ना! छातीत कळ आलेला माणूस हे वाचून खोकत बसला तर अॅम्ब्युलन्सला फोन करायची पहिली दोन-चार मिनिटं त्यातच जातात.

दुसरी चूक म्हणजे मेसेजनंच दिलेला पुरावा पुरावा म्हणून धरायचा. २००२ मध्ये एक ईमेल जगभर फिरला होता, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये जेडीबीजीएमजीआर डॉट ईएक्सई नावाची फाइल शोधा, तिचं चित्र टेडी बेअरचं असेल, तो व्हायरस आहे, १४ दिवस गप्प बसतो, अँटीव्हायरसला सापडत नाही, लगेच डिलीट करा आणि ओळखीच्या सगळ्यांना कळवा. लोक शोधायचे, आणि फाइल खरंच सापडायची, टेडी बेअरसकट! कारण ती विंडोजचीच फाइल होती, जावा या कॉम्प्युटरच्या भाषेत काम करणाऱ्या प्रोग्रॅमरसाठी दिलेली. पण डोळ्यांनी बघितल्यावर कोण शंका घेणार, लोकांनी स्वतःच्या हातानं ती उडवली. आणि "अँटीव्हायरसला सापडत नाही" हे वाक्य नीट बघा, तुम्ही जिथे तपासायला जाल तो रस्ता आधीच बंद करून ठेवलाय. आजही "टीव्हीवाले हे दाखवणार नाहीत", "डॉक्टर हे सांगणार नाहीत" असं दिसलं की मी तिथेच थांबतो.

तारीख न बघणं ही तिसरी. दर ऑगस्टमध्ये येतं बघा, २७ ऑगस्टला मंगळ चंद्राएवढा दिसणार. यात वर्षच नसतं, म्हणून तो कधी शिळा होत नाही. मूळ गोष्ट खरी आहे, २७ ऑगस्ट २००३ ला मंगळ पृथ्वीपासून साधारण ५ कोटी ५८ लाख किलोमीटरवर आला होता, जवळजवळ ६० हजार वर्षांत इतका जवळ आला नव्हता. तेव्हाच्या मेसेजमध्ये लिहिलेलं की ७५ पट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीतून मंगळ नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या चंद्राएवढा दिसेल. पुढे पाठवता पाठवता दुर्बीण गळली आणि चंद्र तेवढा राहिला. म्हणून मेसेजमध्ये वर्ष नसेल तर त्यातलं सगळ्यात विचित्र वाक्य कॉपी करून जसंच्या तसं सर्च करा, बऱ्याचदा तोच मेसेज दहा वर्षांपूर्वीचा सापडतो. आणि मेसेजमधल्या लिंकवरून खात्री करू नका, ज्या संस्थेचं नाव घेतलंय तिची साइट स्वतः शोधून उघडा.

फोटोचं पण तसंच. पुराच्या पाण्यात हायवेवर पोहणारा शार्क २०११ मध्ये पोर्तो रिकोचा म्हणून फिरला, २०१७ मध्ये ह्यूस्टनचा म्हणून, शार्क तोच. तो दक्षिण आफ्रिकेतल्या समुद्रात काढलेल्या एका फोटोतून उचलून पाण्यावर चिकटवलेला होता. गूगल लेन्समध्ये फोटो टाकला की असे जुने फोटो पटकन सापडतात. एआयनं बनवलेल्या फोटोंना मात्र मूळ फोटोच नसतो, आणि हाताची बोटं कमी-जास्त आहेत का ते मोजून ओळखायचे दिवस आता गेले, तिथे फोटो पहिल्यांदा कुणी टाकला आणि त्या जागेचे दुसऱ्या कुणी काढलेले फोटो आहेत का हेच बघावं लागतं.

पण उलटी चूकही करू नका, सगळंच खोटं म्हणून मोकळं व्हायचं. २०२२ मध्ये फ्लोरिडातल्या पुरात शार्कसारखा मासा दिसल्याचा व्हिडिओ आला, लोक म्हणाले परत तेच, आणि तपासल्यावर व्हिडिओ खरा निघाला.

आता चुकून फॉरवर्ड झालंच असेल तर? नुसतं डिलीट फॉर एव्हरीवन करून गप्प बसू नका, ज्यांनी वाचलं त्यांच्या डोक्यात ते राहिलेलंच असतं. जिथे टाकलं तिथेच एका ओळीत बरोबर काय ते लिहा. खोटा फोटो परत टाकून "हे फेक आहे" असं लिहू नका, तुमची ओळ मागे राहते आणि फोटो एकटाच पुढे जातो. लिंकवर जाऊन पासवर्ड भरला असेल तर आधी पासवर्ड बदला, बँकेची माहिती दिली असेल तर बँकेला फोन, बाकी सगळं नंतर.

मावशीला मी ग्रुपवर काही बोललो नाही. चारचौघात चूक दाखवली की माणूस तीच बाजू आणखी घट्ट धरतो. फोन केला, हार्ट असोसिएशनचं पान उघडून वाचून दाखवलं. संध्याकाळी तिनंच ग्रुपवर लिहिलं, "वरचा खोकल्याचा मेसेज चुकीचा आहे, छातीत दुखलं तर आधी अॅम्ब्युलन्स बोलवा."