चष्म्याचा नंबर काढला, पण नस तपासली का?

ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका चष्म्याच्या दुकानात मी नंबर काढते. शेवटची ओळ वाचता आली की लोक समाधानाने खुर्चीतून उठतात, तेव्हा मी त्यांना पुन्हा बसवते. ती ओळ आपण नजरेच्या मधल्या भागाने वाचतो. काचबिंदू बहुतेक वेळा कडेची नजर आधी नेतो आणि मधली शेवटपर्यंत ठेवतो. म्हणून ६/६ दिसणाऱ्यालाही तो असू शकतो, आणि दुखत-खुपत काहीच नसतं.

डोळ्याच्या पुढच्या भागात आतल्या आत पाणी तयार होत असतं आणि कोपऱ्यातल्या बारीक जाळीतून बाहेर जात असतं. मोरीची जाळी तुंबावी तसा हा निचरा मंदावला की दाब वाढतो आणि मेंदूकडे चित्र नेणारी मागची नस हळूहळू वाळते. एका डोळ्यातला गेलेला भाग दुसरा डोळा भरून काढतो, त्यामुळे घरात वावरताना काही जाणवत नाही. गोखले रोडवर एकाच बाजूने माणसं आदळायला लागली, डावीकडून येणारी रिक्षा दिसेनाशी झाली, इथपर्यंत यायला बरीच नस गेलेली असते. ती परत येत नाही. ‘मोतीबिंदूच असेल, पिकू दे’ म्हणून थांबणारी मंडळी मला फार अस्वस्थ करतात. मोतीबिंदू काढून भिंग बसवलं की दिसतं. काचबिंदूत उरलेली नजर तेवढी राखता येते.

चाळिशीचा चष्मा करायला याल तेव्हाच डोळ्यांच्या डॉक्टरांकडेही जाऊन या. आई-वडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कुणाला काचबिंदू असेल, मायनसचा नंबर मोठा असेल, मधुमेह असेल किंवा डोळ्याला जुना मार लागला असेल, तर चाळिशीची वाट पाहू नका. दम्यासाठी, त्वचेसाठी किंवा डोळ्यांच्या खाजेसाठी स्टेरॉइड बरेच दिवस घेतलं असेल तर तेही सांगा. खाज आली की मेडिकलमधून जुन्याच चिठ्ठीवर थेंब आणायची सवय तर आजच सोडा. त्यात स्टेरॉइड असेल तर दाब वाढू शकतो.

डॉक्टरांना नुसतं ‘डोळे तपासा’ म्हणू नका, ‘काचबिंदूसाठी तपासा’ म्हणा. डोळ्यातला दाब साधारण १० ते २१ मिलिमीटर पाऱ्याच्या दरम्यान असतो, पण २१ च्या आत असूनही नस खराब होते, म्हणून तेवढ्या आकड्यावर घरी येऊ नका. बुबुळावरचा पारदर्शक पडदा पातळ असेल तर दाब खऱ्यापेक्षा कमी दिसतो. नंबर घालवायचं लेझर झालेलं असेल तर पडदा पातळ झालेला असतो. ते आठवणीने सांगा, लोक नेमकं तेच विसरतात. निचऱ्याचा कोपरा उघडा आहे की अरुंद, हे पाहून घ्यायला सांगा. मग बाहुली मोठी करून नस पाहतात. त्यानंतर काही तास धूसर दिसतं, तेव्हा स्कूटर घरी ठेवून रिक्षाने जा, सोबत कुणाला तरी न्या. खाजगी दवाखान्याचा खर्च झेपत नसेल तर कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात नेत्रविभाग आहे.

शंका आली तर फील्ड टेस्ट सांगतात. एक डोळा झाकून मधल्या दिव्याकडे बघत राहायचं आणि कडेला ठिपका चमकला की बटण दाबायचं. झोप झालेली असेल त्या दिवशी जा, लोकलच्या गर्दीतून उतरून थेट नको. काही ठिपके मुद्दाम दिसणार नाहीत इतके फिके असतात, घाबरून अंदाजाने बटण दाबत बसू नका. पहिला रिपोर्ट पुष्कळदा बिघडतो, पुन्हा करायला सांगितलं तर चिडू नका. सगळे कागद एका फाइलमध्ये ठेवा, कारण पुढची प्रत्येक तपासणी त्यांच्याशी ताडून बघायची असते.

थेंब लागू झाले तर ते बहुधा कायमचेच. खालची पापणी ओढून एकच थेंब टाका, डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा एक-दोन मिनिटं दाबून धरा. दुसरं औषध पाच मिनिटांनी. दमा असेल तर आधीच सांगा, टिमोलॉल नावाच्या थेंबांनी श्वास अडकू शकतो. गणपतीला गावी निघताना बाटली पिशवीत आहे ना, ते पाहा. थेंबांनी भागलं नाही तर लेझर आणि शस्त्रक्रियाही आहेत.

एक प्रकार मात्र अचानक येतो: डोळा लाल, प्रचंड दुखणं, दिव्याभोवती रंगीत कडी, उलट्या. पित्त म्हणून सकाळपर्यंत थांबू नका, रात्रीच डोळ्यांचे डॉक्टर असलेलं रुग्णालय गाठा.

आणि तुमचं निदान झालं तर त्याच संध्याकाळी घरच्या ग्रुपवर टाका: ‘मला काचबिंदू निघाला आहे. ताई, दादा, मुलांनो, या महिन्यात दाब आणि नस तपासून घ्या. दिसतंय नीट म्हणून टाळू नका, मलाही नीटच दिसत होतं.’